रिकाम्या गल्लीचा फोटो

चतुराबाईला वाशीम आवडत नव्हतं आणि वाशीमला चतुराबाई. एवढ्या एका गोष्टीत दोघांचं पटत होतं.

ती मूळची शिरपूरकडची. लग्न करून आली ती चंपत माळ्याच्या घरात. गावाला लागूनच त्यांचा मळा, विहीर गोड्या पाण्याची, तिच्यावर मेथी, वांगी, मिरच्या आणि हिवाळ्यात कोहळे. मळ्यात राबायला तिची ना नव्हती. माती कुणाला टोचून बोलत नाही. पण पिकलेलं गावात नेऊन विकायचं कामही घरच्या बाईचंच, आणि तिथं तिचं बिनसलं. बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी, कापसाचे व्यापारी नानाजी यांच्या घरासमोर, सासूच्या वेळेपासूनची त्यांची बसायची जागा होती. देवदर्शन करून परतणाऱ्या बायका तिथं भाजी घेत. घटकाभरापूर्वी देवापुढं जोडलेले हात मेथीच्या जुड्या उलट्यापालट्या करत, वांग्याला नख लावून पाहत, मूठभर मिरच्या फुकट उचलत. आणि जाताना म्हणत, माळीण मोठी चेंगट. चतुराबाई ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. एका शब्दाला ती दोन देई. त्यामुळे गल्लीत तिचं नाव कडू कारलं पडलं होतं.

सगळ्यांत जड होत्या नानाजींच्या पत्नी जमनाबाई. त्या खाली येत नसत. सज्ज्यातून हाक मारत, टोपली ओट्यापाशी आणवत, भाजीवर पाणी शिंपडून मग ती आत नेववत, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगत की कालची मेथी शिळी होती. एकदा चतुराबाईनं वर पाहून उत्तर दिलं, तेव्हा त्या चारचौघींत म्हणाल्या, "भाजीवालीनं मान खाली घालून बसावं. लोकायच्या तोंडाकडं पाहून बोलू नये."

चतुराबाईनं त्यातलं अर्धं ऐकलं. लोकांच्या तोंडाकडे पाहायचं तिनं खरंच सोडून दिलं. पण मान खाली घातली नाही. गिऱ्हाईक पुढ्यात आलं की ती त्याच्या डोक्यावरून वर पाही, आणि वर नानाजींच्या घराचा सज्जा होता.

इतकी वर्षं ती त्या सज्ज्याखाली बसत होती, पण त्याच्याकडे तिनं धड पाहिलं नव्हतं. सागवानी सज्जा, त्याला खालून टेकू देणारे लाकडी राघू. सगळे राघू सारखे असतील असं वाटे, पण तसं नव्हतं. एकाच्या चोचीत डाळिंब, दुसऱ्याच्या चोचीत आंब्याची कैरी, आणि कोपऱ्यातल्या एकाची चोच रिकामी. कोरणाऱ्याचा हात तिथं का थांबला असेल? त्याला घरी बोलावणं आलं असेल, की मालकानं त्यालाही काही टोचून म्हटलं असेल? भाजी मोजता मोजता ती हाच विचार करी. माणसांशी भांडून जीव आंबला की ती राघूंकडे पाही आणि तिला बरं वाटे. राघू कधी काही बोलले नव्हते.

पाहून पाहून हाताला खाज सुटली. शिरपूरला असताना नागपंचमीला, पोळ्याला भिंती रंगवायला तिला घरोघर बोलावत. इथं तिला कोण बोलावणार? पुढ्यात कोहळे होते. पिकल्या कोहळ्यावर पांढरी भुकटी धरते. बाभळीच्या काट्यानं तिच्यावर रेघ ओढली की खालचा हिरवा रंग उघडा पडतो. चतुराबाईनं आधी राघू काढला. मग सज्जा, मग खांब, मग अख्खं घर. गिऱ्हाईक नसलं की कोहळा मांडीवर घ्यायचा आणि काटा चालवायचा. लोकांना ती वेलबुट्टी वाटे. कोहळा घरी जाई, चिरला जाई, वड्यांत घातला जाई, आणि कुणाला काही कळत नसे. तिनं काढलेल्या घरांत माणूस मात्र एकही नसे. माणसं नकोत म्हणून तर ती वर पाहायला लागली होती.

एकोणीसशे नऊच्या सुमाराला नानाजींच्या मुलाची सोयरीक अकोल्याला बोलली जात होती. व्याह्यांना आपलं घर दिसावं, आणि आपल्या दारात माणसांची किती वर्दळ असते तेही दिसावं, म्हणून नानाजींनी अकोल्याहून रामधन नावाच्या फोटोवाल्याला बोलावलं. बैलांच्या दमणीत बसून तो आला. तीन पायांची लाकडी घडवंची, तिच्यावर पितळी डोळ्याचा डबा, डब्यावर काळं फडकं. घर पुरतं मावेल अशी जागा गल्लीत एकच होती, चतुराबाईची. "बाई, जरा सरक," असं रामधननं म्हणताच तिनं आपल्या सासूच्या वेळेपासूनचा सगळा इतिहास त्याला ऐकवला. तो हसला. म्हणाला, टोपली राहू दे तिथंच, तू फक्त माझ्या बाजूला ये. आणि डबा लावून झाल्यावर तिला म्हणाला, पाहतेस का?

तिनं फडक्यात डोकं घातलं. आत काचेवर नानाजींचं घर तळहाताएवढं होऊन उलटं लटकलेलं होतं. राघू पाय वर करून बसलेले. खांब आभाळातून खाली आलेले. लोक उलटे चालत होते, त्यांचा आवाजही जणू फडक्याबाहेर राहिला होता. टोपलीपाशी बसून तिला घर तुकड्यातुकड्यानं दिसे. आज पहिल्यांदा ते सगळं एका जागी दिसलं, आणि ते इतकं तोलून बांधलेलं होतं की तिला त्या बांधणाऱ्याचा हेवा वाटला. ती बराच वेळ बाहेर आली नाही. जमनाबाई सज्ज्यातून ओरडल्या, माळणीचा फोटो काढायचा नाही म्हणावं.

गल्लीत सावली होती. रामधननं सांगितलं की एवढ्या उजेडात डब्याचा डोळा बराच वेळ, एक श्लोक सावकाश म्हणून होईतो, उघडा ठेवावा लागेल. तेवढ्यात जो थांबला तो काचेवर राहतो, जो हलला तो पुसला जातो. हे त्यानं नानाजींनाही सांगितलं, पण नानाजी म्हणाले, गल्ली हलायलाच पाहिजे, वर्दळ दिसायची आहे. रामधननं खांदे उडवले आणि डोळ्यावरचं झाकण काढलं.

पंधरवड्यानं अकोल्याहून फोटो आला. नानाजींनी गल्ली जमवली. शिंपी स्वतःला शोधू लागला, गवळी आपली म्हैस. कुणीच नव्हतं. दूधवाले, देवळातून येणाऱ्या बायका, सज्ज्यात उभं राहून शिंप्याच्या बायकोशी भांडणाऱ्या जमनाबाई, सगळे पुसून गेले होते. भर सकाळची गल्ली मसणासारखी ओसाड, घरं तेवढी रेघन्‌रेघ स्वच्छ. आणि पुढं, एकटी, चतुराबाईची कोहळ्यांची टोपली.

मग जमनाबाईंना आठवलं की अवसेला दृष्टीसाठी दाराशी टांगलेला कोहळा तिच्याचकडून घेतला होता. तो उतरवला. त्याच्यावर त्यांचाच सज्जा, त्यांचेच राघू, आणि घरात माणूस नाही.

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत नानाजींच्या कोठीत उंदीर मरून पडले.

पिलेगचं साल होतं. उंदीर पडले की गाव सोडायचं, हे तोवर पोराटोरांनाही कळत होतं. गल्ली बाहेर पडली. पण जाण्याआधी शिंप्याची आई गेली, आणि आणखी एक घर बसलं. रामधन अकोल्याला होता, त्याच्यापर्यंत कुणाचा हात पोचत नव्हता. हाताशी होती ती चतुराबाई. तिनं कोहळ्यावर गल्ली रिकामी केली, मग फोटोत केली, मग खरोखरची केली, असं एकानं म्हटलं आणि बाकीच्यांनी मानलं. तिच्या हातची भाजी कुणी घेईना. जुड्या मळ्यातच पिवळ्या पडू लागल्या.

आणि देवाची करणी पाहा, गल्लीच्या झोपड्या उभ्या राहिल्या त्या चंपतच्या मळ्याच्या धुऱ्याला, बांधालगत, कारण गोडं पाणी तिथंच. तिला शिव्या देणारे लोक तिच्या विहिरीवर घागरी घेऊन उभे राहू लागले. चंपत अबोल माणूस. तो मोट हाकी आणि ज्याला त्याला पाणी देई. चतुराबाईनं त्याला अडवलं नाही. पाणी देवाचं आहे, ते नाकारलं तर वर तोंड दाखवायला जागा राहत नाही, हे ती जाणून होती. पण घागर भरून देताना तिनं एकीलाही बस म्हटलं नाही, आणि बायका घागर उचलताना तिची सावली टाळून सरकून जात.

फाल्गुनात गाव परत गेलं. चतुराबाई टोपली घेऊन गेली तर तिच्या जागेवर बोराटीच्या काट्या रचलेल्या. ती काट्या उपसायला लागली तशी गल्ली जमली. नानाजी मोठे, शब्दाला वजन असलेले. ते तिला देवळाच्या पायरीपाशी घेऊन गेले. तंटा नको म्हणाले.

"पायरीवर हात ठेव अन्‌ सांग, गल्लीचं वाईट कधी मनात आनलं नाही. अन्‌ यापुढं कोनाचं घर कोरनार नाही. मंग बस तुह्या जागेवर. कोनी काही म्हननार नाही."

चतुराबाईनं पदर सावरला, वाकली, पायरीवर हात ठेवला. सोपं होतं. चार शब्द बोलायचे आणि जागा परत, सज्जा परत, घरची भाजी परत चालू. आत बालाजी उभा होता. तिनं हात काढून घेतला.

"इथं खोटं कशी बोलू? मनात तं रोज येत होतं. हे मानसं जावोत अन्‌ निरे घरं राहोत, असं मी रोज म्हनत होती."

लोकांत कुजबुज उठली. जमनाबाई म्हणाल्या, "आयका. आपल्या तोंडानं सांगून राह्यली."

"पन देवानं माह्यं आजवर काय आयकलं?" चतुराबाई त्यांच्याकडे वळली. "लेकरू मांगतलं, देल्लं नाही. सासूचं तोंड बंद कर म्हनलं, तं ते सरनावरच बंद झालं. अन्‌ तुमचं वाईट तेवढं त्यानं घाईनं आयकलं? तुमी त्याच्या एवढ्या लाडाच्या असान तं त्यालेच इचारा."

मागून कुणीतरी हसलं. जमनाबाईंचा चेहरा उतरला नाही, पण आवाज उतरला. "मंग फोटोत आमी काहून नाही?"

"तुमी थांबता कुठी? डबा उघडा होता तवा तुमी सज्ज्यातून भांडून राह्यल्या होत्या. जो थांबला तो राह्यते, हालला तो जाते. फोटोवाल्यानं नानाजीले बी सांगतलं होतं."

नानाजी दुसरीकडे पाहू लागले. घरं कोरणं सोडणार का, एवढंच त्यांनी विचारलं. नाही म्हणाली. मग जागाही नाही, असं ठरलं.

बसायला जागा नाही म्हटल्यावर चतुराबाई डोक्यावर टोपली घेऊन गावभर फिरू लागली. त्या गल्लीत बदनामी झालेली, पण बाकी गावाला भाजी खाणं भाग होतं. तळ्याच्या अंगानं, मशिदीच्या मागून, तेल्यांच्या आळीतून, जिथं तिचा पाय कधी पडला नव्हता तिथून ती फिरली. आणि फिरता फिरता तिला कळलं की आपण इतकी वर्षं एकाच घरापुढं बसून होतो. एका ठिकाणी नुसत्या विटांची कमान, पण अशी रचलेली की वीट पाण्यासारखी वळलेली. एका ठिकाणी घर पडकं, पण दाराच्या चौकटीवर शिंपल्यांची रांग कोरलेली. तळ्याच्या पायऱ्यांचे दगड तर तिला पाठ झाले. कुठंही ती थबके, टोपली उतरवी आणि पाही.

गावानं त्याचाही धसका घेतला. चतुरा पाहून राह्यली म्हटलं की बायका लेकरं आत ओढत आणि दार लावून घेत. ते तिच्या पथ्यावर पडलं. उघड्या दारावरची नक्षी अर्धी भिंतीकडे असते. लावलेलं दार पुरतं दिसतं. शिव्या येत त्या दाराआडून येत आणि निम्म्या तिथंच राहत. घरी आली की ती दिवसभराची दारं भिंतीवर उतरवी, गेरू, चुना आणि कोळशानं. नागपंचमीला चंपत म्हणाला, "नाग काढ म्हनलं तं तूनं दरवाजे काढले. नाग कुठून येईन?"

"दरवाज्यातून येईन," ती म्हणाली.

पुढच्या हिवाळ्यात रामधन पुन्हा आला. तो रिकाम्या गल्लीचा फोटो अकोल्यात एकदोघांना फार आवडला होता आणि वाशीमच्या जुन्या घरांचे आणखी हवे होते. नानाजींनी त्याला ओट्यावरूनच परत पाठवलं. गावात त्याची घडवंची उचलायला माणूस मिळेना. चतुराबाईला कळलं तशी ती धर्मशाळेत गेली, घडवंची खांद्यावर घेतली आणि चल म्हणाली. टोपली डोक्यावर, घडवंची खांद्यावर, मागं डबा सांभाळत रामधन. ती त्याला एकेक दार दाखवी. कुठं ऊन कधी पोचतं ते सांगे, कधी चुके, मग दोघं उन्हाची वाट पाहत बसत. तो तिला फडक्यात पाहू देई. डबा दिसला रे दिसला की लोक घरात पळत, त्यामुळे आता गल्ल्या खऱ्याच रिकाम्या असत आणि कुणाला पुसावं लागत नसे. फोटो अकोल्याहून येत, गावात फिरत, आणि रिकामं गाव पाहून लोक म्हणत, पाहा, पुन्हा तेच करून राह्यली. पंचायत भरवून तिला गावबंदी करावी, असंही बोललं जाऊ लागलं.

शेवटी नानाजींचं घर राहिलं. रामधनला नको होतं. ती म्हणाली, याच घरापायी सारं झालं, ते सोडून कसं जायचं. नानाजी सरकीच्या कामाला बाहेर गेले होते. घडवंची जिथं बोराटीच्या काट्या होत्या त्यांच्या पुढ्यात उभी राहिली. शिंप्यानं दुकानाचं दार आडवं केलं. गल्ली क्षणात मोकळी झाली, खिडक्यांच्या फटींत तेवढे डोळे.

तेव्हा जमनाबाई सज्ज्यात न येता खाली आल्या. दार उघडून त्या ओट्यावर येऊन बसल्या, खांबाला पाठ लावून, हात मांडीवर.

"काढ म्हना त्याले. पाहू, तू मले कशी मिटवते ते."

चतुराबाई जवळ गेली नाही. "हाललीस तं जाशीन," ती म्हणाली. त्या बाईला तिनं अगंतुगं केलं ते पहिल्यांदाच, आणि जमनाबाईंनी ते ऐकून घेतलं, कारण बोलायला ओठ हलवावे लागले असते.

रामधननं झाकण काढलं आणि श्लोक सुरू केला. जमनाबाई दगडासारख्या बसल्या. मग एक माशी आली आणि त्यांच्या नाकावर बसली. फटींतल्या डोळ्यांनाही ती दिसली. जमनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पापणी हलेना. त्या आता हलल्या तर सगळं गाव डोळ्यांनी पाहणार होतं की चतुराबाईनं पुढ्यात बसलेलं माणूसही पुसलं. मग जागा राहिली बाजूला, गावात पाय टाकणंही मिटलं. चतुराबाईनं घडवंचीचा पाय घट्ट धरला आणि मनात म्हणाली, बालाजी, हिला धर. जमनाबाईसाठी तिनं देवाजवळ काही मागावं, ही पहिलीच वेळ. माशी कपाळावर गेली, परत नाकावर आली. श्लोक संपला. रामधननं झाकण घातलं तेव्हा जमनाबाईंनी एवढ्या जोरानं नाक चोळलं की नथ वाकडी झाली.

फोटो आला तेव्हा तो घेऊन चतुराबाई ओट्याच्या खालच्या पायरीपाशी उभी राहिली. जमनाबाईंनी तो हातात घेतला, उजेडात धरला. घर होतं आणि घरापुढं त्या होत्या, सुरकुतीसकट. गल्लीतल्या बायका एकेक करून मागं येऊन उभ्या राहिल्या. शिंप्याची बायको म्हणाली की खरंच, अगदी तशाच. बराच वेळ पाहून जमनाबाई म्हणाल्या, "ते माशी कुठी हाय यात? जीव घेतला तिनं माहा."

"ते हालली," चतुराबाई म्हणाली. "गेली."

यावर त्या हसल्या असं कुणी पाहिलेलं नाही. फोटो त्यांनी आत नेला आणि दार लावलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काट्या तिथं नव्हत्या. कुणी काढल्या ते कुणी सांगितलं नाही आणि चतुराबाईनं विचारलं नाही. तिनं जागा झाडली, शेणाचा हात फिरवला आणि टोपली मांडली. देवळातून येणाऱ्या पहिल्या बाईनं मेथीची देठं मोडून पाहिली. मूठभर मिरच्या उचलल्या. सज्ज्यातून हाक आली. टोपली ओट्यापाशी गेली, पाणी शिंपडलं गेलं, आणि जमनाबाईंनी साऱ्या गल्लीला ऐकवलं की मेथी कालची आहे.

"तुमच्यापेक्षा ताजी हाय," चतुराबाई म्हणाली. "अन्‌ थो खांब झाकला तुमी फोटोत. त्याच्या बुडाले कमळ होतं, निरं कोरीव. तुमच्या लुगड्याखाली गेलं सारं. दुसरीकडं बसता येत नव्हतं का तुमाले?"